मोटरगुरूंचा वाढपी

माझ्या घरमालकांकडे मोटर होती आणि ती त्यांच्या घरापासून अर्ध्या कोसावर राहत असे. सुरुवातीला मला याचं फार हसू यायचं. काशीत दुर्गाघाटावर आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली, की एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. अशा गल्लीत राहून कुणी मोटर बाळगावी, तीही विलायती, काळी, आपल्या बापाच्या वयाची, म्हणजे कमालच होती. पण काकांना, म्हणजे घरमालकांना, त्यात विनोद दिसत नसे. ते म्हणायचे, "आमच्या गल्लीतून एकच वाहन जातं. चार खांद्यांचं, मणिकर्णिकेला. त्याला काही मेंटेनन्स नाही."

मी तेव्हा बँकेत नोकरीला होते. नागपूरहून बदली होऊन आले होते. शाखेत संगणक नुकते आले होते आणि कुणाला हात लावायचं धाडस नसल्यामुळे प्लास्टिकची खोळ पांघरून गप्प बसले होते. एका मराठी सहकाऱ्याने दुर्गाघाटची खोली सुचवली आणि वर बजावलं, "माणूस सज्जन आहे, पण जरा वेगळा आहे. तिथे त्यांना सगळे मोटरगुरू म्हणतात. तुम्ही काका म्हणा."

काकांनी खोली दाखवली, पंख्याचं बटण दाबलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"पंखा."

मी कान देऊन ऐकलं. म्हटलं, "कुरकुरतोय."

"कितव्या फेऱ्याला?"

आता यांचं काय करावं, असं मनात आलं. पण बँकेतली माणसं मोजायला कधी कंटाळत नाहीत. मी मोजलं आणि म्हणाले, "दर तिसऱ्या."

त्यांनी डोळे उघडले. "खोली तुमची. सामान केव्हा आणता?"

पगार किती, एकट्या कशा, स्वयंपाकात काय काय करता, यातलं एकही अक्षर त्यांनी विचारलं नाही. माझं नावही त्यांनी तोंडाने कधी घेतलं नाही. मी शेवटपर्यंत 'नागपूरकर' राहिले.

काका साठीचे होते. उंच, हडकुळे, खाली धोतर आणि वर चार खिशांचा खाकी शर्ट. हा पोशाख करून ते ब्रह्माघाटावरून चालायला लागले, की तिथली वैदिक मंडळी जरा बाजूला होत. पोशाखापेक्षाही त्यांच्या हातांचं कारण मोठं होतं. नखांच्या कडा काळ्या, बोटांच्या रेषा काळ्या, कितीही चिंच लावून घासल्या तरी तशाच. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वेद होता. खालच्या मजल्यावर त्यांचे थोरले बंधू राहत. ते घनपाठी. म्हणजे वेदातले शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे गुंफून म्हणायचे आणि तसं म्हणताना मात्रेची चूक करायची नाही. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, काका दादा म्हणत. पहाटे खालून विद्यार्थ्यांचा पाठ सुरू झाला की मला घड्याळाची गरज नसे.

काकाही विसाव्या वर्षापर्यंत दादांच्या शेजारी बसून शिकले होते. मग एक दिवस कबीरचौऱ्याला एका वकिलांच्या कोठीसमोर त्यांनी ही मोटर बंद पडलेली पाहिली. ड्रायव्हर हँडल मारून मारून घामाघूम झाला होता. काका संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी पाठाला बसले नाहीत. पुढे ते त्याच कोठीवर ड्रायव्हर झाले. वकिलांचं कुटुंब कलकत्त्याला गेलं तेव्हा गाडी काकांना देऊन गेलं, कारण ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हती. कोठीमागची घोड्यांची पागा तिच्यासाठी त्यांनी मागून घेतली. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. चाळीस वर्षांत दादा त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. रागावले म्हणावं तर तसंही नाही. वाईट बोलले नाहीत, चांगलं बोलले नाहीत. जेवताना, सणावाराला, आजारपणात दोघे भाऊ एकमेकांशी नीट बोलत. मोटरीबद्दल मात्र दादांनी शब्द काढला नाही. काकांचं सगळं दुखणं एवढंच होतं. हे ते मला कधी म्हणाले नाहीत, पण कुणी त्यांच्या कामाची तारीफ केली, की त्यांची नजर नकळत खालच्या मजल्याकडे जायची. ते मी पाहिलेलं आहे.

त्यांच्या लेखी मोटरीत एकच गोष्ट खरी होती. डिस्ट्रिब्यूटर. इंजिनाच्या कुशीला असलेली ती काळ्या टोपीची छोटी डबी. तिच्यातून चार वायरी निघतात आणि चार सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी पोचते. काका तिला वाढपी म्हणायचे.

"इंजिन सगळेच बघतात, नागपूरकर. रंग बघतात, टायर बघतात. पंगतीत सगळे स्वयंपाक्याचं नाव घेतात. पण वाढपी चुकला, एका पानावर भात दोनदा आणि दुसऱ्यावर नाहीच, की संपली पंगत. ध्यान द्यायचं तर वाढप्यावर द्या."

वाढप्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. टोपीच्या वायरी काढून पुन्हा लावताना भलेभले गडबडतात. काका त्या लावताना घनपाठ म्हणत. एक तीन, तीन एक, एक तीन चार, चार तीन एक, एक तीन चार. पुढे, मागे, पुन्हा पुढे, अगदी स्वरात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पागेच्या भिंतीकडे तोंड करून हसू दाबलं. नंतर हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, की उलटसुलट म्हणून पाहिलं तर वायर चुकणं शक्यच नाही. दादांनी शिकवलेलं वाया गेलं, असं म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवायला तयार होते. पण कुणी विचारायला आलं नाही.

वाढप्याच्या पोटात दोन छोटे पॉइंट असतात. ते उघडतात, मिटतात आणि त्यातून ठिणगीची वेळ ठरते. ते साफ करायला काका लग्नपत्रिका वापरत. पॉलिशपेपर वापरणाऱ्याला ते कसाई म्हणत. पत्रिकेच्या कोऱ्या कडेची पट्टी कापायची, पॉइंटमध्ये धरायची, हलकेच ओढायची. दुर्गाघाट, ब्रह्माघाटावरच्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका त्यांच्या ट्रंकेत होत्या आणि त्या घरांची प्रतिष्ठा ते कागदावरून ठरवत. "यांचं लग्न थाटात झालं, पण कागद झडतो," असं म्हणत. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नवऱ्यामुलाबद्दल काही विचारलं नाही. पत्रिका दोन बोटांत घेऊन वाकवली आणि म्हणाले, "एकदम फर्स्टक्लास. दहा आणखी पाठवा."

आणि तेल. तेलावर ते तासभर बोलत. पॉइंटच्या खुंटीला एक थेंब. टोपीखाली फिरणारा रोटर उचलला की खाली फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, छोटी वात असते, तिला दोन थेंब. पॉइंट उघडणारा मधला कॅम फिरतो, त्याला तिळाएवढं ग्रीस. बस. एवढंही काडीने. थेंब मोजायला दर्भाची काडी. खाली पाठशाळेत उरलेला दर्भ ते दादांच्या बायकोकडून, वहिनींकडून, मागून आणत. काडीच्या टोकाला स्वतःहून लोंबतो तो एक थेंब, असं त्यांचं माप.

"कमी पडलं तर कुरकुर करील, सांगेल तुम्हाला. जास्त झालं तर सांगणार नाही. गप्प बसेल, गरम होईल, मग फिरता फिरता तेल उडवील आणि पॉइंटवर बसवील. तेल तिथे जळलं, की ठिणगी मेली. तेही घरी नाही मरायची, ऐन चौरस्त्यात."

लहुराबीरला एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांचं मोठं गॅरेज होतं. एकदा नवरदेवाची सजवलेली गाडी त्यांच्या दारात अडली. त्यांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, तरी गाडी खोकत होती. शेवटी माणूस पाठवून काकांना बोलावलं. रविवार होता म्हणून मीही गेले. काकांनी स्वच्छ फडकं मागितलं, वाढप्याची टोपी काढली, पुसली आणि उन्हात धरली. आतल्या बाजूला पेन्सिलीची असावी अशी केसाएवढी काळी रेघ होती.

"यहाँ से भाग रही है," काका म्हणाले. ठिणगी त्या रेघेवरून पळून जात होती.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "गुरू, हम तो इंजन खोलने जा रहे थे."

"काहे? इंजन ने आपका क्या बिगाड़ा था?"

टोपी बदलली आणि गाडी सुरू झाली. नवरदेव गेला. मिस्त्रींनी काकांना चहा दिला तो स्वतःच्या खुर्चीवर बसवून, आणि आपण उभे राहिले. येताना माझी मान अशी काही ताठ होती, की रिक्षावाल्याला वाटलं असावं टोपी मीच बदलली.

त्यानंतर मी काकांच्या मागे लागले, मला शिकवा. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत आणि घाईही केली नाही. पहिले कितीतरी रविवार मी नुसती टोपी काढली आणि लावली. दोन्ही बाजूंचे चाप एकदम सुटले पाहिजेत, आवाज एकच आला पाहिजे. मग पॉइंटमधली फट मापायला शिकले. त्यासाठी पातळ पोलादी पात्यांचं एक माप होतं. ते लाल रेशमी कापडात बांधून त्यांच्या देवघरात बाळकृष्णाच्या मागे ठेवलेलं असे. पातं फटीत सरकलं पाहिजे, पण जरा धरून. "ढिलं नको, फसलेलं नको. आराम से, नागपूरकर, आराम से." तेलाला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. दर रविवारी दर्भाची काडी स्वतः उचलायचे. दोन वर्षं हे चाललं.

मग ती सन्मानाची गोष्ट आली. नगव्याच्या बाजूला एका सभागृहात विद्वानांची सभा भरणार होती आणि तिथे दादांचा सत्कार ठरला. संयोजक घरी आले. म्हणाले, मैदागिनच्या चौकापर्यंत आम्ही गाडी पाठवू, तिथवर आपल्याला चालत यावं लागेल. मी जिन्यात उभी होते, काका माझ्या वरच्या पायरीवर होते.

दादा म्हणाले, "गाडी कशाला पाठवता? घरात आहे ना."

संयोजकांना काही विशेष वाटलं नाही. ते पुढच्या गोष्टीकडे वळले. मी मागे पाहिलं. काका पायरीवर खाली बसले होते. मग उठून नळावर गेले आणि हात धुवायला लागले. चिंच लावून, राख लावून, विटकरीने घासून. वहिनींनी शेवटी नळ बंद केला.

पुढचे आठ दिवस घराचं लग्नघर झालं होतं. कबीरचौरा ते नगवा हा रस्ता काकांनी त्याच वेळेला, त्याच वेगाने तीनदा चालवून पाहिला. कुठे खड्डा, कुठे भाजीवाले आडवे बसतात, रथयात्रेच्या चौकात कुठल्या अंगाने वळायचं, सगळं पाठ केलं. गाडीला इतकं पुसलं, की तिच्यात तोंड दिसायला लागलं. आदल्या संध्याकाळी पॉइंट साफ केले, फट मापली, टोपी लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेल निघायच्या आधी घालायचं असतं. मला सकाळी दादांना घेऊन यायचंय, रिक्षाने. त्यांना एकट्याला सोडता येणार नाही. तेलाचं तुम्ही बघा."

बँकेत मला बढती मिळाली तेव्हाही मी इतकी फुगले नव्हते. रात्री मी आरशासमोर दर्भाची काडी धरून सराव केला, हे आज सांगायला हरकत नाही.

सकाळी सात वाजता मी पागेत गेले. न्हाऊन, रेशमी साडी नेसून. टोपी काढली, रोटर उचलला. खुंटीला एक थेंब दिला. वातीला दोन दिले. वातीने ते दोन्ही गिळले आणि पुन्हा कोरडी दिसायला लागली. इथे माझं डोकं फिरलं. आमच्याकडे सणाच्या दिवशी समई काठोकाठ भरायची पद्धत आहे. एरवी अर्धी चालते, पण मोठ्या दिवशी तेल कमी पडलं असं व्हायला नको. आई तर वातीवरून तेल ओघळेपर्यंत घालायची आणि मग समाधानाने हात जोडायची. आणि आजच्याइतका मोठा दिवस या घरात चाळीस वर्षांत आला नव्हता. मी काडी ठेवली, तेलाची पिचकारी उचलली आणि वात चकचकीत दिसेपर्यंत तेल घातलं. खुंटीवरही थोडं घातलं. रोटर बसवला, टोपी लावली, दोन्ही चाप एका आवाजात बसले. मग मी वाढप्याला नमस्कार केला. अगदी मनापासून केला.

दादा आले. अंगावर उपरणं, हातात लोकरीचं आसन. मागच्या सीटवर त्यांनी आसन अंथरलं आणि बसले. मी पुढे बसले, मांडीवर नारळ, फळं आणि सन्मानाची निमंत्रणपत्रिका. काकांनी हँडल एकदाच फिरवलं. गाडी सुरू झाली. काकांनी आरशात पाहिलं. दादांनी डोळे मिटले होते.

लहुराबीर गेलं. मिस्त्री दारात उभे होते, त्यांनी हात जोडले. सिगरा गेलं. गाडी अशी चालली होती, की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"गळतंय," मागून दादा म्हणाले.

"काय, दादा?"

"मधेच एक अक्षर गळतंय."

मला काहीच ऐकू आलं नाही. काकांना आलं होतं. त्यांनी वेग कमी केला. थोडं पुढे गेल्यावर मलाही कळलं. फट्, मग जरा बरं, मग पुन्हा फट्. रथयात्रेच्या ऐन चौकात गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली.

मागून रिक्षांच्या घंट्या सुरू झाल्या. पानाच्या दुकानावरचे दोघे पुढे आले. "धक्का लगा दें, गुरू?"

काका उतरले, मीही उतरले. बॉनेट उघडलं. त्यांनी चाप काढले, टोपी उचलली. आत सगळीकडे तेलाचे शिंतोडे होते. पॉइंट काळे ठिक्कर पडले होते. त्यांनी एकदा त्या डबीकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मान खाली घालून मी नुसती उभी राहिले. माझ्या रेशमी साडीचा मला त्या क्षणी राग आला.

"फडकं," ते म्हणाले. मी दिलं. त्यांनी ते पेट्रोलमध्ये बुडवून आतून पुसून काढलं. "कागद."

ट्रंक घरी होती. माझ्याजवळ एकच कागद होता. दादांच्या सन्मानाच्या निमंत्रणपत्रिकेची कोरी कड मी टर्रकन फाडून त्यांच्या हातात दिली. ते पट्टी पॉइंटमधून ओढायला लागले. काळी निघाली. दुसरी दिली.

एवढ्यात दादा गाडीतून उतरून आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. धाकट्या भावाच्या हाताखालची ती डबी ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, आणि ती अशी, लडबडलेली, चौकात उघडी.

"काय झालं?"

"तेल जास्त झालं, दादा."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून. सकाळी घाई केली."

मी तोंड उघडलं. काकांनी मागे न बघता कोपराने मला थांबवलं. दादांनी डबीकडे पाहिलं, मग भावाच्या हातांकडे, आणि ते परत आसनावर जाऊन बसले.

सभागृहाला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. दादांना संयोजक आत घेऊन गेले. काका ड्रायव्हर लोकांच्यात, झाडाखाली गाडीपाशी थांबले. मी त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "मी आत जाऊन सांगते गुरुजींना. माझी चूक आहे."

"काही सांगायचं नाही."

"पण काका, चाळीस वर्षांनी ते बसले आणि..."

"पिचकारी तुम्ही धरली. पण तुम्हाला तयार कुणी केलं? मी. मग चूक कुणाची?" ते बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "जा, आत बसा. सत्कार बघा. मला नंतर सांगा कोण काय बोललं."

मी आत बसले. कोण काय बोललं यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. श्लोक झाले, हार झाले, लोक टाळ्या वाजवत होते आणि मला रडू येत होतं. या माणसाने आयुष्यात एकाच माणसाला आपलं काम दाखवायची वाट पाहिली होती. ते मी एका पिचकारीने धुऊन टाकलं, आणि वर त्याने ते आपल्या अंगावर घेतलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की दोन्हींतलं जास्त काय होतं ते आजही सांगता येणार नाही.

कार्यक्रम संपला. दादा बाहेर आले. शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं त्यांनी माझ्या हातांवर ठेवलं. काकांनी मागचं दार उघडून धरलं. दादा आत बसायच्या आधी थांबले.

"सकाळी तेल कुणी घातलं?"

"सांगितलं ना, दादा. मी."

दादा विद्यार्थ्याला अडवताना ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात म्हणाले, "खोटं बोलू नकोस. तुझ्या हातून थेंब जास्त पडत नाही."

काका दाराची मूठ धरून तसेच उभे राहिले. मला राहवलं नाही. "मी घातलं, गुरुजी. समईसारखं भरलं. मोठा दिवस होता म्हणून."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "केव्हापासून शिकता?"

"दोन वर्षं झाली."

"मग येईल. सुरुवातीला पाठ चुकतोच." ते आत बसले, आसन नीट केलं. "चल रे. वाट बघत असतील घरी."

काका हँडल मारायला गाडीच्या पुढे गेले आणि खाली वाकले. हँडल बसवायला एवढा वेळ लागत नाही. मी शाल-श्रीफळ सावरत पुढच्या सीटवरून बघत होते. नुसती त्यांची पाठ दिसत होती आणि ती हलत होती. ते रडत होते. दादा खिडकीतून झाडाकडे बघत राहिले, त्यांनीही घाई केली नाही. मग गाडी सुरू झाली आणि मैदागिनपर्यंत तिने एकही अक्षर गाळलं नाही.

कुणाला वाटेल काकांनी ही गोष्ट मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवली असेल. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला तेव्हा त्यांनी मला खोलीतून बोलावलं.

"यांना विचार," ते दूधवाल्याला म्हणाले, "परवा तेल कुणी जास्त घातलं."

"कालच," मी म्हटलं.

"तेच. कुणी घातलं?"

"मी."

"मग दादा काय म्हणाले?"

मी सांगितलं. दूधवाल्याला काही कळलं नाही, पण तो "वाह गुरू" म्हणाला. त्यानंतर पोस्टमन झाला, लहुराबीरचे मिस्त्री झाले, नवे भाडेकरू झाले, गल्लीत वाट चुकलेले दोन यात्रेकरू झाले. साक्षीदार म्हणून मला उभं करायचं आणि सगळं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं. म्हणजे आधी मी माझ्या मूर्खपणाची कबुली द्यायची, मग त्यांचं सर्टिफिकेट वाचून दाखवायचं. पहिले काही महिने मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मी सरावले. मग रंगवून सांगायला लागले. दादा कसे थांबले, कसं बघितलं, वगैरे. काका लगेच हात वर करीत. "मीठमसाला नको. जेवढं म्हणाले तेवढंच."

तेल मात्र त्या दिवसापासून दर रविवारी मीच घालू लागले. ते शेजारी उभे राहून दुसरीकडे बघत. इतकं दुसरीकडे, की मला हसू यायचं.

बदलीचा हुकूम आला तेव्हा काकांनी मला कँट स्टेशनवर पोचवलं, गाडीतून. दुपारची वेळ होती. डब्यात माझ्या समोर एक गृहस्थ, त्यांची बायको आणि दोन मुलं बसली होती. काका खिडकीशी उभे राहिले. पाणी घेतलंत का, खिडकीत हात ठेवू नका, पोचल्यावर पत्र टाका, असं सगळं म्हणून झालं. मला वाटलं आता डोळे पुसतील. त्यांनी खिडकीच्या गजांतून आत डोकावून त्या गृहस्थांना हाक मारली.

"भाईसाहब, एक मिनट. ज़रा इनसे पूछिए, उस दिन तेल किसने ज़्यादा डाला था."

गृहस्थ गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. शिट्टी झाली.

"मैंने," मी म्हणाले.

"और हमारे दादा ने क्या कहा?"

गाडी हलली. काका खिडकीबरोबर चालायला लागले. मी म्हणाले, "तुझ्या हातून थेंब जास्त पडत नाही."

"हिंदीत! हिंदीत सांगा, त्यांना कळू दे!"

गाडीने वेग घेतला होता. मी गजांना तोंड लावून ओरडले, "इनके हाथ से एक बूँद भी ज़्यादा नहीं गिरती!"

सबंध डबा वळून त्यांच्याकडे बघायला लागला. तेवढं झाल्यावर ते चालायचे थांबले.